आग्या मोहोळाचा फोटो काढायला गेलो तेव्हा

"दोन्ही किडन्यांनी काम थांबवलंय," डॉक्टर म्हणाले. "अ‍ॅक्यूट रीनल फेल्युअर. म्हणजे मूत्रपिंडं अचानक बंद पडणं."

धुळ्याच्या दवाखान्यात, वॉर्डाबाहेरच्या बाकावरून मी उठून उभी राहिले होते. मला वाटलं, ते दुसऱ्याच कुणाच्या पेशंटबद्दल बोलताहेत.

"डॉक्टर, यांना मधमाश्या चावल्यात," मी म्हटलं.

"हो. त्यामुळेच."

माझ्या यजमानांचा जळगावात फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत नवरा-नवरी, एरवी पासपोर्टचे फोटो. पण जीव अडकलेला मधमाश्यांत, भुंग्यांत. इतर स्टुडिओंच्या काचेत नटलेल्या नवऱ्या असायच्या, आमच्या काचेत भोपळ्याच्या फुलात डोकं खुपसून बसलेला भुंगा. गिऱ्हाईकं हसायची. हे मात्र गंभीरपणे सांगायचे, "हा आहे म्हणून तुमच्या ताटात भोपळा आहे."

शाळेच्या हॉलमध्ये या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरलं होतं. फक्त आग्या माशी राहिली होती, मोठी, रानातली. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका झाडाला मोहोळं लटकलीत असं कळलं आणि एका रविवारी आम्ही दोघं गेलो. मी शाळेत शिकवते. तेवढाच एक दिवस मला मोकळा.

यांनी कॅमेऱ्याची तिवई बरीच लांब लावली. मी एका घराच्या ओट्यावर बसले होते. कुणी दगड मारला नाही, धूर केला नाही. वरून एक शिकारी पक्षी आला, मोहोळावर झडप घालून निघून गेला. पुढच्या क्षणी हवा काळी झाली.

मी धावले. घरातल्या बाईनं मला खाली ओढलं, वर गोधडी टाकली आणि स्वतः माझ्यावर ओणवी झाली. "हालू नको बाई, हालू नको." गोधडीखालून मला यांचं ओरडणं ऐकू येत होतं. मग ते थांबलं. ते थांबणं मी आजही विसरू शकत नाही.

गावकऱ्यांनी धूर करून यांना बाहेर काढलं. शिरपूरला इंजेक्शनं, सलाईन झालं, चेहऱ्यावरचे काटे नर्सबाईंनी खरवडून काढले. दुसऱ्या दिवशी सूज उतरू लागली. हे बोलायला लागले. आम्हाला वाटलं, सुटलो.

त्याच संध्याकाळी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. मी म्हटलं, उन्हानं असेल. मग ती कमी झाली आणि मग होईनाच, तेव्हा यांना धुळ्याला हलवलं.

धुळ्याच्या डॉक्टरांनी मला समजावलं. खूप माश्या एकदम चावल्या की विषानं स्नायू आणि रक्तातल्या पेशी फुटतात. तो गाळ किडनीत जाऊन बसतो, चहाची गाळणी तुंबावी तसा.

"मग आता?"

"पेरिटोनियल डायलिसिस." म्हणजे पोटाला छिद्र करून नळी घालायची, बाटलीतलं पाणी पोटात सोडायचं, थोडा वेळ ठेवायचं आणि काढून घ्यायचं. पोटाच्या आतला पडदा गाळणीचं काम करतो, रक्तातली घाण पाण्याबरोबर बाहेर येते.

"किडन्या पुन्हा सुरू होतील?"

"बहुतेकांच्या होतात. कधी, ते मी सांगू शकत नाही."

यापुढे माझ्या हातात काही उरलं नाही. बाटली चढायची, उतरायची. रोज रक्त जायचं क्रिएटिनीन बघायला. क्रिएटिनीन म्हणजे रक्तातली घाण, जी किडनीनं बाहेर टाकायला हवी. आकडा वाढला की डॉक्टर माझ्याकडे न बघता पुढच्या खाटेकडे वळायचे. मी लघवीच्या रिकाम्या पिशवीकडे बघत बसायचे.

पारोळ्याहून यांची मोठी बहीण आली. अक्कांनी पिशवीकडे बघितलं, भावाच्या सुजलेल्या पायांवरून हात फिरवला आणि मला विचारलं, "तू काही खादं का नई?" मला रडू फुटलं. तोवर मला कुणी काही विचारलंच नव्हतं.

रक्तातली घाण डोक्यात चढली तशी यांची शुद्ध हरपू लागली. हे हवेत हात उचलायचे, डोळ्यापाशी नेऊन बोटानं काहीतरी फिरवायचे. एकदा मला स्पष्ट म्हणाले, "जरा बाजूला हो. फुलावर सावली पडतेय."

मी बाजूला झाले. दुसरं काय करणार?

खिडकीबाहेर कडुनिंब मोहरला होता. त्यावर सकाळपासून गुणगुण चालायची. मी खिडकी लावून घ्यायचे. सिस्टर येऊन उघडायच्या, "किती उकडतंय इथं, बाई!" त्या गुणगुणीचा मला इतका राग यायचा की दात आवळले जायचे.

एका पहाटे अक्कांनी मला हलवलं. "सुमन, देख ना! पिशवीमा देख!"

पिशवीच्या तळाशी चार थेंब होते. आम्ही दोघी त्या गढूळ थेंबांकडे बघत हात धरून उभ्या राहिलो. डॉक्टर आले, त्यांनी पिशवी उचलून उजेडात धरली आणि पहिल्यांदा हसले. "आता उलटं होईल, लघवी भरपूर होईल. पाणी कमी पडू देऊ नका."

ज्यांच्यावर ही वेळ येईल, त्यांना एवढंच सांगते. खूप माश्या चावल्या असतील तर सूज उतरली म्हणून घरी जाऊ नका. लघवीचा रंग बघत राहा. काळी झाली तर वाट बघू नका, मी बघितली तशी.

घरी सोडताना डॉक्टर यांना म्हणाले, "यापुढे एक माशीही भारी पडू शकते. जपा." मला वाटलं, चला, सुटला हा माश्यांचा नाद एकदाचा. पडलेल्या कॅमेऱ्यात उजेड शिरून त्या दिवसाचा रोलही वाया गेला होता. प्रदर्शन आग्या माशीवाचून भरलं. हे खुर्चीत बसून होते, लोक येऊन यांचा हात हातात घेत होते.

पुढच्या वर्षी कांद्याच्या बियाण्याच्या शेतांत पांढरे गोंडे फुलले आणि यांनी कॅमेऱ्याची बॅग काढली. मी भांडले, रडले, अक्कांना बोलावून घेतलं. अक्कांनीही यांचं तोंड बघून हट्ट सोडला.

"माझ्यानं राहवत नाही, सुमन," हे म्हणाले. "तू ये सोबत. फक्त ओरडू नकोस."

मी गेले. बांधावर उभी राहिले. हे गोंड्यांपुढे गुडघे टेकून बसले. एक छोटी माशी उडाली आणि यांच्या मनगटावर बसली. हे हलले नाहीत. दवाखान्यात पिशवीपुढे बसले होते, तशीच मी पुन्हा उभी होते, काही न करता येणारी.

माशी मनगटावरून चालत बोटापर्यंत गेली, पाय पुसून उडाली. यांनी वळून माझ्याकडे बघितलं. चेहरा लहान मुलासारखा खुलला होता.

तेव्हा मला कळलं, यांना यातून बाहेर काढणं माझ्या हातात नाही. दवाखान्यातही नव्हतं. हे जिवंत आहेत, एवढं मला मिळालंय. भीती गेलेली नाही. ती घेऊनच मी दर रविवारी बांधावर उभी असते.