गिरणीवाल्या मावशी आणि पक्षिमित्र मंडळ

गिरणीवाल्या मावशींना हळू बोलता येत नसे. म्हणजे आपण हळूच बोलतोय असं त्यांना वाटायचं, आणि समोरच्याचे कान किटायचे. त्यांचं उभं आयुष्य पिठाच्या गिरणीत गेलेलं. पट्टा एकदा फिरायला लागला की शेजारच्याच्या कानाशी ओरडावं, तेव्हा कुठे डबा कुणाचा एवढं त्याला कळायचं. नवरा गेल्यावर गिरणी त्यांनी एकटीने चालवली, मुलाला हाताशी आणलं. आणि त्या मुलाने नवी यंत्रं आणल्यावर पहिलं काम काय केलं, तर आईला घरी बसवलं. "खूप खस्ता खाल्ल्यास, आई. आता आराम कर."

आराम म्हणजे गॅलरीतली खुर्ची. थोड्याच दिवसांत त्या खुर्चीला आणि मावशींना एकमेकींचा वीट आला.

मग मुलाने त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. बाहेर बाकावर नंबराची वाट बघताना समोरच्या भिंतीवर एक कागद दिसला : पक्षिमित्र मंडळ, दर रविवारी सकाळी तळ्यावर, सर्वांचे स्वागत. मावशींनी तो दोनदा वाचला. आत डॉक्टर कानाच्या मशीनबद्दल काय काय सांगत होते, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"मी रविवारी पाखरं बघायला जाणार आहे," घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं.

"तुला ऐकू येईना नि म्हणे पाखरं!" मुलगा हसला.

"बघायला चाललेय. गप्पा मारायला नाही त्यांच्याशी."

तळ्यावर आठ-दहा माणसं जमलेली. मंडळाचे प्रमुख म्हणजे 'सर'. आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवलेली, चालणंही पट्टीने आखल्यासारखं. त्यांच्या मागे एक फोटोवाला, गळ्यात पोराएवढा कॅमेरा. आणि एक ग्रंथपाल बाई. ती स्वभावाने मोकळी, तिने आपली दुर्बीण लगेच मावशींच्या हातात दिली. मावशींनी ती डोळ्यांना लावली. धूसर हिरवं, धूसर पिवळं, आणि मग एकदम, हाताच्या अंतरावर असावा तसा, एका पायावर उभा असलेला बगळा. त्याच्या मानेवरचं पीससुद्धा वाऱ्याने हलत होतं.

"अगं बाई! केवढा हा!"

बगळा उडाला. त्याच्यामागे पाणकोंबड्या उडाल्या. टिटवीने सगळं तळं डोक्यावर घेतलं. सरांनी डोळे मिटून घेतले.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी फोटोवाला खंड्यासाठी कधीचा पालथा पडून होता. खंड्या येऊन काठीवर बसला, आणि मावशी ग्रंथपाल बाईच्या कानात कुजबुजल्या, "निळा बघ कसा, शाईत बुडवल्यासारखा!" त्यांची ती कुजबुज पलीकडच्या काठावर कपडे धुणाऱ्या बाईने ऐकली आणि वर बघितलं. खंड्या अर्थातच गेला. फोटोवाला गवतातून उठला तो तोंडाचा चंबू करूनच.

त्या आठवड्यात जेवताना मुलगा जरा घुटमळत म्हणाला, "तुझ्या मंडळाच्या सरांचा फोन आला होता. म्हणाले, आईंना समजावा. त्यांनी नाही आलं तर बरं."

मावशींचा घास हातातच राहिला. "तुला फोन केला? मला नाही?"

"तुला फोनवर ऐकू कुठे येतं, आई?"

"मग घरी यायचं. पाय आहेत ना त्यांना? मी काय शाळकरी पोर आहे, माझी तक्रार पालकांकडे करायला?"

"जाऊ दे ना. लोक हसतात तुला."

"हसू देत. त्यांचे दात, त्यांचं तोंड."

रविवारी मावशी सगळ्यांच्या आधी तळ्यावर हजर. सर आले तशा त्या थेट त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मला काढायचं असेल तर तोंडावर सांगा. माझ्या मुलाला मध्ये घालू नका."

सर गोरेमोरे झाले. "तसं नाही, मावशी. पण तुमचा आवाज... पक्षी राहत नाहीत."

"हे आत्ता बोललात ते बरं झालं. आता माझं ऐका. माझा आवाज मला कळत नाही. कळत असता तर तुम्हाला सांगावं लागलं नसतं. तुमच्या पाखरांना त्रास होतोय हे खरं, त्याची मला लाज वाटते. पण म्हणून मी घरी जाऊन खुर्चीत बसणार नाही. भिंतीवर तुम्हीच लिहिलंय, सर्वांचे स्वागत. तेव्हा मी येणार. उपाय काय तो मिळून काढू."

"दुसऱ्यांनी का म्हणून सोसायचं?" फोटोवाला फुरंगटून म्हणाला.

"सोसू नकोस, बाबा. तू त्या टोकाला बस. तळं मोठं आहे."

ग्रंथपाल बाईला हसू आवरेना. मग तीच म्हणाली, "आवाज चढला की मी तुमच्या कोपराला हात लावते. चालेल?"

"चालेल की. आणि गिरणीत आम्ही दोघं नवराबायको हातांनीच बोलायचो. ते तुला शिकवते."

चिमटी चोळली की बारीक दळण, मूठ उघडली की जाड. तळहात खाली दाबला की गिरणी बंद कर. बोट गोल फिरवलं की चालू राहू दे. तळ्यावर चिमटीचा अर्थ झाला 'लहान पाखरू', मुठीचा 'मोठं'. बाकीच्या खुणा दोघींनी मिळून रचल्या. सर महिनाभर त्यांच्याकडे बघायचं टाळत होते, पण एकदा झुडपातला पक्षी दाखवायला त्यांनीही नकळत चिमटी चोळली. मावशींना पाखरांची नावं काही नीट येईनात. उडत्या माशा टिपणाऱ्या हिरव्या वेड्या राघूला त्या पोपटच म्हणत. सर दर वेळी दुरुस्ती करत आणि मावशी दर वेळी मान डोलावून पुन्हा पोपट म्हणत.

मग मंडळाने तळं साफ करायचं ठरवलं. प्लॅस्टिक, चपला, फुटक्या बादल्या. काठावर नुसता उकिरडा. लोकांनी यावं म्हणून मावशी गल्लीत दारोदार फिरल्या. ज्यांचं दळण त्यांनी वर्षानुवर्षं दळलं, त्यांची नाही म्हणायची छाती झाली नाही. सकाळी काठावर ही गर्दी! आणि मावशी गुडघाभर चिखलात, एका गाडीच्या टायरशी झोंबत.

कुणीतरी मुलाला कळवलं. तो धावत आला.

"आई! बाहेर ये! पाय मोडून घेशील!"

मावशींनी ऐकलं नाही. किंवा ऐकलं असेल; खरं त्यांचं त्यांनाच माहीत. मुलगा ओरडून दमला. मग त्याने काठावरून दोन्ही हात पुढे केले आणि तळहात खाली दाबले. लहानपणी गिरणीत पोत्यांवर बसून तो हीच खूण बघत मोठा झाला होता.

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. चिखलाने माखलेलं एक बोट वर केलं आणि हवेत गोल फिरवलं.

 मुलगा चपला काढून, पँट दुमडून, शिव्या पुटपुटत चिखलात उतरला आणि टायरचं दुसरं टोक धरलं.

"तुझ्यासाठी नाही हं," तो त्यांच्या कानाशी ओरडला. "टायर जड आहे म्हणून."

"नीट धर मग," मावशी म्हणाल्या.

कानाचं मशीनही पुढे आलं. मावशींनी ते स्वतःच्या मर्जीने घेतलं आणि मर्जीनेच लावतात : तळ्यावर चालू, घरात उपदेश सुरू झाला की बंद. आवाज थोडा उतरलाय म्हणतात, पण कोपराला हात अजून लागतोच. मुलगा मंडळात आला नाही. टायर निघाला तेवढं त्याला पुरलं. रविवारी आई परत येईपर्यंत तो गॅलरीत बसतो, ते मात्र कबूल करत नाही. फोटोवाला आजही तळ्याच्या त्या टोकाला बसतो. मावशी या टोकाला. येता-जाता दोघांची गाठ पडते तेव्हा तो मान वळवतो, आणि मावशी मुद्दाम थांबून, जमेल तितक्या हळू आवाजात, त्याला विचारतात, "काय, मिळाला का आज पोपट?"