ओढणीखालचं इंग्रजी

आमच्या घरात इंग्रजी माझ्या मालकीचं होतं. माझा अक्षराभ्यास बासरला, सरस्वतीच्या देवळात झालेला, पुढं इंग्रजी विषय घेऊन पदवी, मग आदिलाबादेत घरीच मुलांच्या शिकवण्या. तेव्हा घरात विद्या आहे ती माझ्याकडंच, असा माझा पक्का समज. वहिनीही पदवीधर होती, पण लग्न होऊन आली ती भावाच्या बियाण्याच्या दुकानात काउंटरमागं बसली आणि सहा वर्षं तिथंच बसून राहिली. तिला लहान मुलांना शिकवायचं होतं. दोन शाळांतून ती मुलाखत देऊन हात हलवत परत आली होती. तिसऱ्या शाळेचं बोलावणं आलं तेव्हा भावानं सांगून टाकलं, "हे शेवटचं. नाही जमलं तं दुकानच बरं."

ती अडायची इंग्रजीतल्या चिमुकल्या शब्दांपाशी. 'गेट' यायचं, 'पुट' यायचं, 'टेक' यायचं. पण त्यांच्यामागं अप लावायचं की ऑफ, इन की आउट, तिथं तिची गाडी ठप्प. तिला शिकवताना मलाही हसू फुटायचं. नुसतं 'गेट' घेऊन माणसानं करायचं काय? अप लावलं तर तो अंथरुणातून उठतो, आउट लावलं तर घराबाहेर जातो. 'लुक' म्हणजे बघणं. पण त्याला आफ्टर लागलं की पोर सांभाळावं लागतं, आणि फॉर लागलं की हरवलेली चप्पल शोधावी लागते. क्रियापद नावापुरतं, कारभार सगळा शेपटाकडं.

"ताई, ह्या लोकायले सरळ एकेक शब्द काऊन नाही भेटत?" वहिनी वैतागून विचारायची.

"आपण का कमी हाओ, वयनी? खाऊन टाक, बसून घे, मरून जा. त्यात टाकतं काय अन् घेतं काय?"

ती हसायची. पण मुलाखतीचं नाव काढलं की तिचा चेहरा उतरायचा, आणि मग माझाही जीव तुटायचा.

बाबांनी उभा जन्म गुरांच्या बाजारात दलाली केली. तिथं बैलाचा भाव कुणी तोंडानं बोलत नाही. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि आत बोटं दाबून काय ते ठरवायचं. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. आमची शिकवणी ऐकता ऐकता ते बाजेवरून म्हणाले, "तोंडानं काऊन सांगतं, पोरी? बोटानं सांग ना."

झालं. बाबांना इंग्रजी येत नाही, पण मी अर्थ सांगत गेले आणि उलटसुलट शब्दांच्या जोड्या त्यांनीच लावून दिल्या. मी वहिनीचं एक बोट मिटलं की अप, चार मिटली की डाउन. दोन म्हणजे ऑन, तीन म्हणजे ऑफ. अख्खी मूठ म्हणजे इन, उघडा पंजा म्हणजे आउट. टॉवेलच्या जागी माझी ओढणी. ही सरळसरळ कॉपी आहे हे मला कळत होतं. शिकवणीतल्या पोरांना मी याच गोष्टीसाठी अंगठे धरायला लावते. पण पोरांची गोष्ट वेगळी आणि वहिनीची वेगळी, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पहिल्या संध्याकाळी सगळं उलटं यायला लागलं. मग उलगडा झाला की वहिनीचे वडीलही बैलांचे शौकीन आणि लहानपणी तिला बाजारात घेऊन जायचे. पण तिचं माहेर पैनगंगेकाठचं, आणि तिकडच्या बाजाराची रीत वेगळी. आमच्याकडं मिटलेली बोटं मोजतात, त्यांच्याकडं उघडी राहिलेली. म्हणजे आमचं इन ते त्यांचं आउट. बाबा तर म्हणाले, त्या बाजूची माणसं मुळातच उलटी. मी तिच्याकडून चार दिवस घोकून घेतलं, तेव्हा कुठं ती आमच्या रीतीवर आली.

मुलाखतीला मी फाइल सांभाळायच्या निमित्तानं सोबत गेले. हेडमास्तरीणबाई तेलुगू बोलणाऱ्या, चष्मा नाकाच्या टोकावर. "उन्हातून आलात, दोघी बसा," असं त्या हिंदीत म्हणाल्या आणि आमचं काम सोपं करून टाकलं. चपला दाराशी काढून आम्ही खुर्च्या चिकटवून बसलो. ओढणी मी दोघींच्या मांडीवर ऐसपैस पसरली.

"सकाळी मुलं वर्गाच्या दारात उभी आहेत," बाईंनी इंग्रजीतून विचारलं. "तुम्ही काय म्हणाल?"

"चिल्ड्रन, कम..." वहिनी थांबली. मी तिची अख्खी मूठ मिटली.

"कम आउट!" ती म्हणाली.

वहिनी घाबरली होती आणि घाबरून थेट माहेरच्या बाजारात जाऊन बसली होती.

"वर्गात अंधार आहे," बाई म्हणाल्या. मी दोन बोटं मिटली. "स्विच ऑफ द लाइट," वहिनी म्हणाली. बाईंनी मुलांना बसवायला सांगितलं. मी चार बोटं मिटली. "सिट अप."

"सिट अप? छान. ताठच बसायला पाहिजे," बाई खूश झाल्या. मी मात्र घामाघूम. पुढं त्यांनी मुलांना उभं करायला सांगितलं, तर ती म्हणाली, "स्टँड डाउन." म्हणजे मुलं बाहेर, वर्गात अंधार, आणि उभं राहायचं ते खाली. मी चिडून तिला ओढणीखाली करकचून चिमटा काढला.

वहिनीनं माझा हात झटकला. ओढणी जमिनीवर गेली. ती ताडकन उठली आणि माझ्याकडं बोट करून म्हणाली, "यू! गेट अप!"

सहा वर्षं ही बाई मला ताई म्हणते, तुमी म्हणते. मी उठले.

"पिक अप युवर दुपट्टा!" उचलला. "पुट ऑन युवर चप्पल!" घातली. अप म्हणताना तिचा हात वर जात होता, ऑन म्हणताना पायाकडं. सगळं अंगानं बोलत होती आणि एकही शेपूट चुकत नव्हतं. शेवटी तिचा हात दाराकडं गेला.

"नाऊ, गो आउट!"

मी गेले. व्हरांड्यात उभी राहिले. आतून बराच वेळ तिचा खणखणीत आवाज येत होता. मला तिचा भयंकर राग आला होता. खरं सांगते, तिला नोकरी मिळू दे म्हणून मी देवाचा धावाही करत होते, आणि मिळाली तर ती माझ्यामुळं कशी मिळाली हे घरी कसं सांगायचं, त्याचीही जुळवाजुळव चालली होती.

ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. मी घाबरले.

"सोमवारपासून या म्हणल्या," ती म्हणाली. मग हळूच, "अन् तुमच्या ओढणीले पिन लावाले सांगतलं. पयल्यापासून पाहून राह्यल्या होत्या त्या."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "मंग? मी कोण, काय सांगतलं तुमी?"

"म्या सांगतलं, माही पयली विद्यार्थिनी हाय."

बस थांब्यापर्यंत एरवी मी पुढं चालते आणि ती मागं. त्या दिवशी मी मागून चालले, आणि चालता चालता ओढणीला पिन लावली.