निग्लिजिबल

अकरावीला शहाद्याच्या कॉलेजात आम्ही तिघी मैत्रिणी दुपारी लायब्ररीत बसून फिजिक्सची गणितं सोडवायचो. खरं तर सोडवायची ती आमच्यासोबत बसणारी चौथी, मोलगीकडच्या आश्रमशाळेतून आलेली. घरी पावरी बोली, शाळेत मराठी आणि आता पुस्तकं इंग्रजीत. गणित ती आमच्या आधी करायची, शब्दांचे अर्थ मात्र आम्हाला विचारायची.

युनिट टेस्टच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं, "निग्लिजिबल म्हणजे काय?"

त्याच आठवड्यात सरांनी तिची वही कौतुकानं सगळ्या वर्गाला दाखवली होती. माझ्या मनात ते सलत होतं. मी म्हणाले, "भरपूर. खूप जास्त."

एका मैत्रिणीनं टेबलाखाली माझा पाय दाबला, पण मला कुणी खोडलं नाही. तिनं मी सांगितलेला अर्थ पेन्सिलीनं समासात लिहून घेतला.

पेपरात उतारावरून घसरणारा ठोकळा होता. तिनं हात वर केला. "सर, घर्षण खूप जास्त आहे, पण किती ते दिलं नाही."

सरांनी प्रश्न मोठ्यानं वाचला. "निग्लिजिबल म्हणजे नगण्य, एवढंही कळत नाही आणि सायन्सला आलीस?"

सगळा वर्ग हसला. मीही हसले. तिनं माझ्याकडे पाहिलं, पण सरांना माझं नाव सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात एक गणित मला काही केल्या सुटेना. ती आता खिडकीजवळ एकटीच बसायची. मी वही घेऊन तिच्याकडे गेले.

"मला येत नाही," ती म्हणाली.

तिच्यासमोर उघड्या वहीत तेच गणित पूर्ण सोडवलेलं होतं. तिनं ते झाकलंसुद्धा नाही.