कॅलेंडरची उलटी बाजू

सोमवारी दुपारी तीन वाजता माझे यजमान गेले. मी बँकेत रांगेत होते. फोन लेकीने घेतला.

चौदाव्या दिवशी मागच्या व्हरांड्यातलं कपाट उघडलं आणि गोणपाटात गुंडाळलेली ती लोखंडी वस्तू हाताला लागली. तेव्हापासून रोज थोडं थोडं लिहिते आहे.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. आम्ही मल्लेश्वरममध्ये भाड्याने राहत होतो, मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते आणि ते एका कारखान्यात फिटर. आमच्याकडे तीन सिलिंडरची एक जुनी छोटी गाडी होती. एका रविवारी सासूबाईंना घेऊन नंदीच्या डोंगरावर निघालो, तर चौथ्या वळणावर गाडीने दम सोडला. सासूबाई उतरल्या, पदर खोचला आणि चढ चालू लागल्या. वर पोचल्यावर म्हणाल्या, "पुढच्या वेळी दोरी आणा. मीच ओढते गाडी."

आम्ही दोघी हसलो. हे हसले नाहीत. आई उतरून चालली, हे त्यांच्या मनात रुतलं.

सहा महिन्यांनी ते भंगारबाजारातून एका परदेशी गाडीचा जुना टर्बो घेऊन आले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूने त्याचं चक्र फिरतं आणि ते इंजिनात जास्त हवा ढकलतं, इतकं मला समजलं. तो वायू टर्बोपर्यंत नेणारा नळ्यांचा जोड म्हणजे मॅनिफोल्ड. होसकोट्याच्या बाजूला त्यांच्या ओळखीची एक छोटी भट्टी होती. तिथल्या माणसाने बिडाचा एक ओतून दिला. एकच, कारण काढताना लाकडी साचा फुटला होता.

ओतीव नळ्या आतून खरखरीत होत्या आणि भोकं इंजिनच्या भोकांशी जुळत नव्हती. ती आतून घासून मोठी आणि गुळगुळीत करायची होती. कोपऱ्यावरच्या गॅरेजचे मालक म्हणाले, "घरी चपात्या होतात साहेब, मॅनिफोल्ड नाही होत. इथे टाका."

"बघू," हे म्हणाले आणि वस्तू घरी घेऊन आले.

ते नकाशे सहज वाचायचे, पण जाड इंग्रजी पुस्तकाला बिचकायचे. या विषयावरचं एक पुस्तक मी मिळवलं. संध्याकाळी ते जेवताना मी एकेक परिच्छेद वाचून मराठीत सांगायची. "म्हणजे आधी निशाण, मग घासणं. बरोबर?" असं ते विचारायचे आणि मला परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं.

निशाण करायला मूळ गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि मॅनिफोल्डच्या मध्ये बसणारा भोकांचा पत्रा, वापरायचं नव्हतं. ते एकच होतं आणि पातळ होतं. म्हणून मी भिंतीवरच्या गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचा जाड पुठ्ठा घेतला, मागच्या कोऱ्या बाजूवर गॅस्केट ठेवून पेन्सिलीने गिरवलं आणि खालची पट्टी कात्रीने कापून काढली. पुढच्या बाजूला लक्ष्मीची पावलं आणि कमळं होती. रविवारी सकाळी मी ती पट्टी मॅनिफोल्डवर टेकवणार, एवढ्यात सासूबाई दारात आल्या.

"कापलंस ते कापलंस. पण पावलं तेलकट लोखंडावर टेकवू नकोस गं."

मी पट्टी उलटली. तव्यावरची पोळी उलटावी तशी. पावलं वर आली, कोरी बाजू लोखंडाला लागली. बोल्टची भोकं नेमकी बसली, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. यांनी भोवती रेघ ओढली आणि घासायला बसले. हातात धरायची मोटर, पुढे लहान दगड. व्हरांडा काळ्या भुकटीने भरला.

पहिलं भोक दुपारपर्यंत झालं. ते जुळतंय का हे बघायला रबर ओतून ठसा घ्या, असं पुस्तकात होतं. मी म्हटलं, कणीक चालेल का?

"पोळीची सैल पडेल," सासूबाई म्हणाल्या. "पुरीची मळते."

मॅनिफोल्ड इंजिनच्या उतरवून ठेवलेल्या वरच्या भागाला, हेडला, बोल्टने आवळला. तेल लावलेली कणीक भोकात दाबून भरली, मग बोल्ट काढून अलगद सोडवली. कणकेवर स्पष्ट पायरी होती. भोक दोन मिलिमीटर खाली सरकलं होतं. वर लोखंड शिल्लक होतं आणि खाली, जिथे हात लावायचा नव्हता, तिथे कड पातळ झाली होती.

यांनी पट्टी उचलली, उलटली, पुन्हा उलटली. मला तेव्हाच कळलं, पोळीसारखी उलटताना पट्टीची वरची कड खाली गेली होती. त्यांनी रेघ पाहिली होती, पट्टी तपासली नव्हती, कारण ती मी कापली होती.

"अहो, माझ्यामुळे," मी म्हटलं.

"अगं, तुझ्यामुळे एकच भोक गेलं. कणीक नसती तर तिन्ही गेली असती."

संध्याकाळी मागच्या गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याला सासूबाईच बोलावून घेऊन आल्या. तो म्हणाला, बीड गरम करून निकेलच्या कांडीने भरतो, पण पटकन गार झालं तर तडकेल. "अक्का, राख आहे? स्वल्प नको, जास्त लागेल." भांडी घासायला सासूबाई डबाभर राख साठवायच्या. वेल्ड झालेला मॅनिफोल्ड त्या राखेत पुरला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी डब्याला कुणाला हात लावू दिला नाही.

तडा गेला नव्हता. पण तोंड किंचित वाकलं होतं. ते सपाट करायला जाड काच हवी होती. माझ्या पुस्तकांच्या कपाटाचं सरकतं दार मी काढून दिलं. त्यावर पॉलिश पेपर अंथरून ते मॅनिफोल्ड मराठी चारच्या आकड्यासारखा फिरवत राहिले, तीन संध्याकाळ. मग मी नवी पट्टी कापली. या वेळी कोऱ्या वहीच्या पुठ्ठ्याची. पुढची दोन भोकं आणि दुरुस्त केलेलं पहिलं घासून झाल्यावर तिन्हींच्या कणकेवर पायरी उमटली नाही. बोट फिरवलं तर जोड कुठे आहे ते कळत नव्हतं.

पावसाळा संपल्यावर आम्ही येलहंक्यावरून नंदीला निघालो. सासूबाई पुढे बसल्या, मांडीवर पुऱ्यांचा डबा. चौथ्या वळणाला यांनी गियर बदलला आणि बारीक शिटीसारखा आवाज आला.

"काय झालं?" सासूबाईंनी दाराची मूठ धरली. "उतरू?"

"बस आई," हे म्हणाले. "बस तू."

गाडी वर चढली. परतताना त्यांनी मुद्दाम गॅरेजसमोर थांबवली. मालकांनी बॉनेटखाली डोकं घातलं, बराच वेळ बघत राहिले आणि विचारलं, "कुठून करून घेतलंत?"

"घरी. पुरीच्या कणकेने तपासलंय. मळली आईने, पुस्तक वाचलं हिने."

मी मागच्या सीटवर होते. कुठल्याही पदवीच्या वेळी मला तसं वाटलं नव्हतं.

गाडी पुढे आठ वर्षं चालली. भंगारात देताना यांनी मॅनिफोल्ड तेवढा काढून घेतला. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या.

आता तो माझ्या पुस्तकांच्या फळीवर आहे, शेवटच्या पुस्तकाला टेकू म्हणून. पहिल्या भोकाच्या खालच्या कडेला निकेलची उजळ रेघ आहे. कपाटाला एक दार नाही.