गळ्यातली आई

"मी सख्खी न्हाई, ते आदी लिवा," खुर्चीत टेकायच्या आधीच ती म्हणायची. पक्षकार आपली लंगडी बाजू आम्हा वकिलांपासून कशी लपवतात, ते तुम्हीही कुठं ना कुठं पाहिलं असेल. हिचा कारभार उलटा. सांगलीच्या कोर्टात ज्याच्या-ज्याच्याशी तिची गाठ पडली, त्या प्रत्येकाला, अगदी चहावाल्यालाही, तिनं हे आधी सांगून टाकलं होतं.

पलूसकडच्या एका ऊसवाल्या विधुराशी तिचं लग्न झालं, तेव्हा त्याचा शंभू नुकता चालायला लागला होता. तिनं त्याला शाळेत घालण्याइतका वाढवला. मग नवऱ्याशी पटेनासं झालं, काडीमोड झाला, आणि ती माधवनगरला भावाकडं आली. शंभू बापाकडं राहिला. तिला त्याला भेटायचं होतं आणि बाप म्हणत होता, "तुझा काय संबंध?"

खरं सांगायचं तर कायद्यानंही तिची बाजू पातळच होती. सावत्र आईला असा थेट हक्क नाही, मुलाचं हित पाहून न्यायाधीश ठरवतात, असं मी तिला समजावलं.

"आवं, कायद्यात सावत्र आई न्हाईच व्हय?" तिनं नवलानं विचारलं. "गोष्टींत तर लय हायत्या."

मला हसू आवरेना. तीही हसली, आणि मग बराच वेळ डोळे पुसत बसली.

मी जात्याच चौकस. तिच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, पण काळ्या दोऱ्यात चांदीचा लहानसा टाक होता, त्यावर बाईची आकृती. न राहवून विचारलंच.

"ही शंभूची आई," ती म्हणाली.

गेलेल्या सवतीचा टाक दुसरेपणाच्या बायकोनं गळ्यात घालायचा, ही आपल्याकडची रीत. नाहीतर गेलेली घराला त्रास देते म्हणतात. काडीमोडाच्या वेळी हिनं मंगळसूत्र, जोडवी, सगळं परत केलं, टाक तेवढा राहून गेला. रोज निजताना शंभू त्याला हात लावायचा. त्यामुळं तो सासरचा ऐवज आहे हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

समोरच्या वकिलांनी नेमकं तेच धरलं. बाईनं घरचा टाक पळवला, असं त्यांचं म्हणणं. न्यायाधीशबाईंनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. शंभूची आजीही आली होती.

"देते की," म्हणत हिनं दोऱ्याला हात घातला. "पर आत्याबाई, घालणार कोण? घरात बाई न्हाई."

आजीचा चेहरा उतरला. "देतीय तर घे की," असं लेक पुटपुटला, तशी म्हातारी त्याच्यावरच खेकसली. "तू गप. ती रुसली तर निस्तरणार कोण?" मग हिला म्हणाली, "ऱ्हाऊ दे तुझ्याच गळ्यात. पर दर अवसेला निवदाला घरी घिऊन ये तिला."

मी संधी साधली आणि महिन्यातून तो एक दिवस शंभूची भेट, असं तडजोडीत घालून घेतलं. बापानं मुकाट सही केली. जित्या आईला मिळत नव्हतं ते मेलेल्या आईनं मिळवून दिलं, आणि कोर्टात नाव माझं झालं.

पुढं काही दिवसांनी ती पुन्हा आली. गळा मोकळा होता. नवऱ्यानं पुन्हा लग्न केलं होतं, टाक नव्या बायकोच्या गळ्यात गेला होता. हिनंच जाऊन बांधला होता म्हणे. मी विचारलं, बाई कशी आहे?

"चांगली हाय. पोराला जीव लावंल." मग म्हणाली, "शंभूला म्हणलं, आता तुझी आई हितंच ऱ्हाणार, मला यायचं कारण न्हाई. तर इचारतोय, 'मग तुझा टाक कुणापाशी हाय?' म्हणलं, 'माझा कशाला रं? मी जित्ती हाय.'"

"मग?"

"'जित्ती हाईस तर येत जा की,' म्हणला."

पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिनं विचारलं, "वकीलबाई, त्यो महिन्याचा एक दिस आजून चालतोय का?"

चालतो, मी म्हटलं.

त्यानंतर ती माझ्याकडं आलेली नाही. मध्यंतरी एका अमावस्येला माधवनगरला काम निघालं, म्हणून मुद्दाम तिच्या भावाच्या दारात डोकावले. भावजय भांडी घासत होती.

"वन्सं न्हाईत घरात," ती म्हणाली. "पोराकडं गेल्यात."