दत्ताचा पडदा

"दत्ता गेला," एवढंच बोलून वडलांनी फोन ठेवला. मी जालन्याला ऑफिसात होतो. बातमी नीट उमजायच्या आधी नवल वाटलं ते वडलांच्या तोंडून त्याचं नाव निघाल्याचं. दत्ताचे आजोबा नि माझे आजोबा सख्खे भाऊ. विहिरीच्या पाळीवरून दोघांत मारामारी झाली, फावड्यानं त्याच्या आजोबांचं डोकं फुटलं, आणि तेव्हापासून दोन घरांत लग्नाचं बोलावणं नाही की मयताचं सुतक नाही. घरं मात्र समोरासमोर. दत्ता माझ्याहून पंधरा दिवसांनी मोठा. शाळेत आम्ही चोरून बोलायचो, तर तिथंही तो थोरलेपणा गाजवायचा. "पाया पड आधी, मंग चिंच देतो," म्हणायचा. मी कधी पडलो नाही. चिंच तो द्यायचाच.

पुढं भोकरदनला त्यानं टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. कोळशाच्या खाणींवरून तीन पिढ्या एकमेकांचे मुडदे पाडणाऱ्या एका लांबलचक हिंदी सिनेमानं त्याला अगदी वेड लावलं होतं. आज्याचा सूड बापानं घ्यायचा, बापाचा पोरानं... "आपल्याच घरची स्टोरी हाय बघ," म्हणायचा, "फकस्त आपल्याकडं कोळसा न्हाई." एका गणपतीत प्रोजेक्टर आणून त्यानं तो सिनेमा गावात लावला. दोन संध्याकाळी, दोन भाग. चौकात दोन खांबांना पांढरं कापड बांधलं. त्याच्या घरचे समोर बसले, म्हणजे आम्ही अर्थातच पाठीमागं. तिथून चित्र उलटं दिसायचं, हिरो डाव्या हातानं गोळ्या घालायचा, पण मान खाली घालण्यापेक्षा ते परवडलं. मधूनच दत्ता बादली घेऊन यायचा नि कापडावर पाणी शिंपडायचा. ओल्या कापडातून मागच्या बाजूला चित्र स्वच्छ उतरतं. हे तो कुणासाठी करतोय ते मला बराबर कळत होतं.

दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर कापड थेट मारुतीच्या देवळाच्या भिंतीला ठोकलेलं! मागची बाजूच उरली नव्हती. "मुद्दाम करून राह्यला त्यो," वडील तडकले. मुद्दामच केलं होतं. पण शेवटचा सूड कोण घेतो हे न बघता घरी परतायची ताकद आमच्यातल्या एकातही नव्हती. वडील अगदी कडेला, अंग चोरून बसले. पडद्यावर एकामागून एक सगळे मेले, तेव्हा ते कुणाकडंच न बघता म्हणाले, "मंग राह्यलं कोण?"

"बायका अन् लेकरं," पलीकडून दत्ताच्या वडलांचा आवाज आला.

बस्स, एवढंच. सकाळी दोन्ही दारं पुन्हा जशीच्या तशी. मला भयंकर राग आला, दत्ताला नाही. "बोलले तर खरं," तो हसत म्हणाला. त्यानंतर त्याचे वडील गेले, तेव्हाही आमच्या घरी रोजच्यासारखा स्वयंपाक झाला होता. ती लाज मला अजून आहे.

आणि आता दत्ताच. हृदयविकाराचा झटका, दुकानातच, हातात कुणाचा तरी रिमोट... स्मशानात मी भावकीत नाही, गावकऱ्यांत उभा राहिलो. कुठं उभं राहायचं तेच कळेना. घरी आलो तर आई भाजीला फोडणी घालायला निघालेली. वडील उंबऱ्यातच थांबले.

"फोडणी नको. सुतक हाय आपल्याला." आणि मग माझ्याकडं वळून, "तू पंधरा दिसांनी धाकटा ना त्याच्याहून? मंग दहाव्याला केस काढावं लागंल."

पंधरा दिवस! इतकी वर्षं या माणसाला तो हिशेब पाठ होता. मी मोरीत जाऊन पोटभर रडलो.

दहाव्याला दत्ताच्या घरी सतरंज्या कमी पडल्या. वहिनींनी, दत्ताच्या बायकोनं, आतून तो पडदाच आणून अंथरला. चारी कोपऱ्यांना खिळ्यांची भोकं तशीच होती. वडील त्यावर मधोमध जाऊन बसले, दत्ताच्या पोराला शेजारी घेऊन. मी केस काढून आलो. समोर दत्ताचा फोटो होता. त्याच्या पाया पडलो, आयुष्यात पहिल्यांदा.