पाकिटावरची बाई

कुणकेश्वरला आमच्या घरी पर्यटक राहायला येतात. त्यांच्यासाठी कॉफी मीच मागवतो. पाकिटावरच्या प्रमाणपत्रांच्या शिक्क्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. पिकवणाऱ्याच्या हातात रास्त दाम पडला की नाही, हे शिक्का काय सांगणार, कपाळ? म्हणून फोनवर उलटतपासणी घेऊन मी एक विक्रेता शोधला. तो म्हणाला, "आमच्याकडे शिक्का नाही, पिकवणाऱ्या बाईंचा फोटोच असतो."

पाकीट आलं. गुडघ्याला तेल चोळत बसलेल्या काकीसमोर मी ते ऐटीत ठेवलं. तिने चष्मा लावला आणि ती ओरडलीच, "अरे, ही तर मीच मां!"

मी पाकीट हिसकावून घेतलं. आमच्या परसातला चिऱ्यांच्या कुंपणाचा गडगा, तिची हिरवी साडी, ओंजळीत लोणच्यासाठी काढलेली लालसर करवंदं. खाली छापलेलं, 'कॉफीची ताजी फळं'. मागच्या मे महिन्यात एक पाहुणा तिचे फोटो काढत होता, ते आठवलं. माझ्या काकीने जन्मात कॉफीचं झाड पाहिलेलं नाही!

तिथल्या तिथे विक्रेत्याला फोन लावून स्पीकरवर टाकला. "फोटोतल्या बाईंना तुम्ही खरंच ओळखता?"

"म्हणजे काय! गेल्याच आठवड्यात त्यांच्या बागेत जाऊन भेटून आलो."

काकी फोनकडे वाकली आणि मला म्हणाली, "विचार रे त्याका, माझो गुडघो आता बरो आसा काय?"